ब्लड कॅन्सरची जनुक-पॅनेल चाचणी : अहवाल चांगला, पण ‘कारण’ हा शब्द खटकला

माझ्या थोरल्या भावाला वयाच्या ६३व्या वर्षी अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचे, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या एका रक्तकर्करोगाचे निदान झाले, तेव्हा रक्तविकारतज्ज्ञांनी सांगितलेल्या तपासण्यांमध्ये ५४ जनुकांतले बदल एकाच वेळी पाहणारी एक पॅनेल चाचणी होती. ती एका खासगी प्रयोगशाळेने केली. प्रयोगशाळेचे नाव मी देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या गुणदोषांपैकी बरेचसे त्या एका प्रयोगशाळेचे नसून या प्रकारच्या चाचणीचेच आहेत, आणि ज्यांच्या घरी असा अहवाल येणार आहे त्यांना नावापेक्षा तो कसा वाचावा हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. आमचा संबंध तीन टप्प्यांत आला : दादाची मूळ चाचणी, त्याच्या त्वचेच्या नमुन्यावरची पडताळणी आणि शेवटी माझी स्वतःची तपासणी. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याची कल्पना सुरुवातीला आम्हाला कोणीच दिली नव्हती, आणि माझ्या तक्रारीचा गाभा तोच आहे.

आधी जे नीट झाले ते सांगते. नमुना घेण्याबाबतच्या सूचना अगदी स्पष्ट होत्या. पॅनेलसाठीची अस्थिमज्जा ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत आणि गुणसूत्रांच्या तपासणीसाठीची हेपारिनच्या हिरव्या झाकणाच्या नळीत द्यावी, असे पाकिटावर ठळक अक्षरांत छापलेले होते. ही बाब किरकोळ वाटते, पण हेपारिन डीएनएच्या प्रती काढणाऱ्या अभिक्रियेत अडथळा आणते, तर गुणसूत्रे पाहण्यासाठी पेशी जिवंत राहून त्यांचे विभाजन व्हावे लागते. त्यामुळे नळ्यांची अदलाबदल झाली तर एक संपूर्ण नमुना वाया जातो, आणि अस्थिमज्जेचा नमुना पुन्हा देणे रुग्णासाठी सोपे नसते. प्रयोगशाळेने नमुना पोहोचल्याचे आणि त्यातून पुरेसा डीएनए मिळाल्याचे दुसऱ्याच दिवशी कळवले.

वेळेच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्यायला हवी होती. संपूर्ण पॅनेलचा अहवाल १४ दिवसांत मिळेल असे सांगितले होते आणि तो १६व्या दिवशी आला, हे चालण्यासारखे आहे. परंतु अक्यूट ल्युकेमियात उपचार दोन आठवडे थांबत नाहीत. एफएलटी३ या जनुकात बदल असेल तर केमोथेरपीच्या जोडीला मिडोस्टॉरिनसारखे औषध पहिल्या काही दिवसांतच सुरू करायचे असते, म्हणून एफएलटी३ आणि एनपीएम१ या दोन जनुकांचे निकाल तीन ते पाच दिवसांत हाती असावेत अशी युरोपियन ल्युकेमिया नेट या तज्ज्ञगटाची शिफारस आहे. आमच्या डॉक्टरांनी या दोन चाचण्या वेगळ्या पद्धतीने, स्वतंत्रपणे मागवल्या आणि चौथ्या दिवशी दोन्हींमध्ये बदल नसल्याचे कळले. प्रयोगशाळेच्या अर्जात मात्र असा जलद पर्याय कुठेही दिसत नव्हता. डॉक्टरांना तो ठाऊक होता म्हणून मिळाला.

अहवाल आठ पानांचा होता. पहिल्या पानावर सापडलेले बदल, त्यांचे वर्गीकरण आणि प्रत्येक बदल असलेल्या प्रतींचे प्रमाण, पुढच्या तीन पानांवर प्रत्येक जनुकाविषयीचे विवेचन, आणि शेवटी चाचणीच्या तांत्रिक मर्यादा अशी त्याची रचना होती. विवेचनाची भाषा संयत होती, औषधांची नावे देताना कोणते औषध कोणत्या बदलासाठी मान्यताप्राप्त आहे आणि कोणते अजून प्रयोगावस्थेत आहे हा फरक नीट पाळलेला होता. आम्ही नंतर दुसऱ्या एका तज्ज्ञांचे मत घेतले, तेव्हा त्यांनीही अहवालाच्या तांत्रिक दर्जाबद्दल समाधान व्यक्त केले.

त्या पहिल्या पानावर तीन ओळी होत्या. डीडीएक्स४१ या जनुकात एक बदल, प्रमाण ४८ टक्के. त्याच जनुकात आर५२५एच नावाचा दुसरा बदल, प्रमाण ११ टक्के. आणि टीईटी२ या जनुकात एक बदल, ज्याच्यापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा होता. पहिल्या दोन्ही बदलांना ‘रोगकारक’ म्हटले होते, आणि दोन्हींचे विवेचन एकाच परिच्छेदात, जणू ते एकाच जातीचे आहेत अशा रीतीने केलेले होते.

डॉक्टरांनी तो कागद हातात घेतल्यावर सर्वांत आधी ४८ या आकड्याखाली रेघ ओढली. त्यांनी आम्हाला समजावलेला हिशेब मी येथे देते, कारण माझ्या मते असा अहवाल वाचणाऱ्या प्रत्येकाला तो यायला हवा. आपल्या पेशींमध्ये बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. दादाच्या अस्थिमज्जेत अपक्व, कर्करोगी पेशींचे प्रमाण २४ टक्के होते. एखादा बदल फक्त त्या पेशींमध्ये आणि दोनपैकी एकाच प्रतीत असेल, तर सर्व प्रतींच्या हिशेबात तो साधारण १२ टक्के दिसायला हवा, आणि आर५२५एच जवळपास तेवढाच होता. दुसरा बदल मात्र जवळजवळ निम्म्या प्रतींमध्ये दिसत होता, म्हणजे तो बहुधा शरीरातल्या प्रत्येक पेशीत, जन्मापासूनच असावा. हा हिशेब ढोबळ आहे. वरकरणी पक्व दिसणाऱ्या पेशीही त्याच कर्करोगी कुळातल्या असू शकतात, त्यामुळे ४८ हा आकडा एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. परंतु डीडीएक्स४१च्या बाबतीत शंका बळावण्यासारखीच होती. या जनुकातला आनुवंशिक दोष आणि ल्युकेमिया यांचा संबंध २०१५ साली स्पष्ट झाला. तो असलेल्या व्यक्तींना आजार होतो तेव्हा बहुधा साठीच्या आसपास किंवा त्यानंतर होतो, पुरुषांमध्ये अधिक आढळतो, गुणसूत्रांची तपासणी बहुतेकदा सामान्य येते, आणि दुसऱ्या, निरोगी प्रतीत आयुष्यात नंतर घडलेला जो बदल वारंवार सापडतो तो नेमका आर५२५एच असतो. दादाच्या अहवालात हे सगळेच जुळत होते. आठ पानांच्या त्या अहवालात ‘हा बदल आनुवंशिक असू शकतो, पडताळणी करावी’ एवढे एक वाक्य मात्र नव्हते.

हे वाक्य नसल्याने काय बिघडले असते, ते मला माझ्याच बाबतीत कळले. दादाला पुढे मूळपेशींचे प्रत्यारोपण करायचे होते, आणि त्याची दाता मी होते. आमच्या ऊतींची जुळणी पूर्ण झालेली होती, माझ्या इतर तपासण्याही संपत आल्या होत्या. असा आनुवंशिक दोष भावंडात असण्याची शक्यता ५० टक्के असते. तो माझ्यातही असता, तर ज्या दोषामुळे दादाची अस्थिमज्जा बिघडली तोच दोष असलेल्या मूळपेशी त्याला पुन्हा दिल्या गेल्या असत्या; नातेवाइकाच्या पेशींतून अशा रीतीने नव्याने ल्युकेमिया उद्भवल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. घरात त्या दिवसापर्यंत माझे दातृत्व हा एक आनंदाचा विषय होता. वहिनीने मला विचारले, “म्हणजे आता तुझं रक्त चालणार नाही का?”, आणि त्या प्रश्नाला देण्याजोगे उत्तर पुढचे पाच आठवडे आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

पाच आठवडे लागण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. रक्ताचा कर्करोग असलेल्या माणसात आनुवंशिक बदल तपासायचा तर रक्त चालत नाही, आणि लाळही भरवशाची नसते, कारण लाळेत पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने उतरतात आणि त्यांच्याबरोबर कर्करोगी पेशींचा डीएनएही येतो. म्हणून त्वचेचा लहानसा तुकडा काढून त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात आणि त्यांचा डीएनए तपासावा लागतो. या वाढीलाच तीन-चार आठवडे जातात. मूळ अहवालाची वाट न पाहता, पहिल्याच अस्थिमज्जा तपासणीच्या वेळी त्वचेचा तुकडा घेऊन ठेवला असता तर हा वेळ वाचला असता. काही रुग्णालयांत आता तसे करतात, असे डॉक्टरांनी सांगितले. प्रयोगशाळेच्या अर्जात त्यासाठी एक रकाना असायला काय हरकत आहे, हे मला अजूनही समजलेले नाही.

त्वचेच्या पेशींतही तोच बदल निघाला. त्यानंतर माझी तपासणी साध्या रक्तावर झाली, कारण निरोगी व्यक्तीत घरातला एकच ठरावीक बदल शोधायचा असेल तर रक्त पुरते. निकाल नऊ दिवसांत आला आणि तो बदल माझ्यातही असल्याचे कळले. दादासाठी नात्याबाहेरचा दाता शोधण्यात आला. या टप्प्यावर प्रयोगशाळेने जनुकीय समुपदेशक उपलब्ध करून दिल्या, आणि संपूर्ण सेवेतला हा भाग मला सर्वांत चांगला वाटला. त्यांनी पाऊण तास दिला, कुटुंबाचा तीन पिढ्यांचा तक्ता हाताने काढला, आणि हा बदल असलेल्या प्रत्येकाला ल्युकेमिया होतोच असे नाही, तो होण्याचा काळ बहुधा उतारवयातला असतो, मला सध्या ठरावीक काळाने रक्ततपासणी करण्यापलीकडे काही करायचे नाही, आणि माझ्या मुलांनी सज्ञान झाल्यावर तपासणी करायची की नाही हे त्यांनीच ठरवायचे आहे, ही प्रत्येक गोष्ट घाई न करता सांगितली. हे समुपदेशन चाचणीपूर्वी का नव्हते, असे मी त्यांनाच विचारले. कर्करोगाच्या पॅनेलला ‘आनुवंशिक चाचणी’ धरले जात नाही म्हणून, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. तांत्रिक व्याख्येनुसार ते बरोबर असेल, परंतु चाचणी काय शोधायला निघाली होती यापेक्षा तिला काय सापडू शकते यावर रुग्णाची संमती आधारलेली असायला हवी.

आता माहितीपत्रकाबद्दल. त्याच्या मुखपृष्ठावर ‘तुमच्या ब्लड कॅन्सरचे मूळ कारण जाणून घ्या’ असे वाक्य आहे. आमच्या बाबतीत योगायोगाने एक आनुवंशिक दोष सापडला, म्हणून वाचकाला वाटेल की मग हे वाक्य खरेच ठरले. तसे मला वाटत नाही, आणि का ते थोडे सविस्तर सांगायला हवे.

जनुकीय बदल आणि रक्ताचा कर्करोग यांचे नाते इतके थेट असण्याचे एक ठळक उदाहरण आहे, आणि बहुधा त्याच्याच आधाराने अशी वाक्ये लिहिली जातात. १९६० साली पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की ९व्या आणि २२व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते तसे दिसते. त्या सांध्यावर तयार होणारे बीसीआर-एबीएल१ हे जोडजनुक पेशीला सतत वाढीचा आदेश देत राहते, आणि तो आदेश रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. येथे बदल, आजार आणि औषध एका सरळ रेषेत आहेत. परंतु ती अदलाबदल त्या माणसात का झाली, हा प्रश्न तेथेही शिल्लक राहतोच.

इतर बहुतेक आजारांत ही रेषा इतकी सरळ नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांतून असे दिसले की रक्ताचा कोणताही आजार नसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसांपैकी दहातल्या किमान एकाच्या रक्तपेशींत डीएनएमटी३ए, टीईटी२, एएसएक्सएल१ यांसारख्या जनुकांतले तेच बदल असतात जे ल्युकेमियाच्या अहवालात ‘रोगकारक’ म्हणून छापले जातात, आणि त्यांच्यापैकी वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का लोकांनाच पुढे रक्ताचा कर्करोग होतो. मुलांमधल्या अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात वारंवार आढळणारे ईटीव्ही६-रनएक्स१ हे जोडजनुक तर बऱ्याचदा गर्भावस्थेतच तयार होते. जन्मावेळी घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यांत ते सापडले आहे, आणि ते घेऊन जन्मलेल्या बहुसंख्य मुलांना हा आजार कधीच होत नाही. जॅक२ या जनुकातला जो बदल २००५ साली पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये (लाल रक्तपेशी अतिरिक्त वाढण्याच्या आजारात) ओळखला गेला, तो काही रुग्णांत निदानाच्या कित्येक दशके आधी, बालपणी किंवा जन्माआधीच घडलेला असतो, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. म्हणजे बदल सापडणे ही एका लांब वाटेवरची एक खूण सापडणे आहे. वाट कुठून सुरू झाली हे त्या खुणेवरून नेहमी कळत नाही. बेंझिन, आयनकारी किरणे, पूर्वी घेतलेली काही केमोथेरपी यांमुळे धोका वाढतो हे सिद्ध आहे, आणि पेशी विभाजताना डीएनएच्या नकलेत सहज होणाऱ्या चुकांचा वाटाही मोठा आहे. एखाद्या रुग्णाच्या बाबतीत यांपैकी नेमके काय घडले, हे ५४ जनुकांच्या पॅनेलमधून सांगता येत नाही.

हा शब्दच्छल नाही. दादाने माहितीपत्रक वाचून पहिल्या आठवड्यात मला विचारले होते, “मी काय चुकीचं केलं ते यात कळेल का?” ज्या माणसाला नुकताच ल्युकेमिया झाल्याचे कळले आहे, त्याला ‘मूळ कारण’ या शब्दांतून हाच अर्थ लागतो. अहवाल आल्यावर त्यात असे काही नसल्याने तो निराश झाला, आणि त्वचेच्या तपासणीनंतर तोच मनुष्य, आपण मुलांना काहीतरी वाईट दिले, या विचाराने कितीतरी दिवस अस्वस्थ होता. चाचणीचे खरे काम निदान अचूक करणे, आजाराची जोखीम ठरवणे, उपचार निवडायला मदत करणे आणि पुढे उरलेल्या आजाराचा माग काढणे हे आहे, आणि ते काम ती उत्तम करते. तेवढेच छापले असते तरी चाचणीचे महत्त्व कमी झाले नसते.

तांत्रिक मर्यादांचे पान शेवटी, बारीक अक्षरांत होते. ते मात्र जरूर वाचावे. हे पॅनेल डीएनएवर आधारित असल्याने जोडजनुके त्यात विश्वासार्हपणे दिसत नाहीत, म्हणून बीसीआर-एबीएल१ किंवा पीएमएल-आरएआरए यांसाठी वेगळ्या तपासण्या लागतात. यातला दुसरा बदल ज्या अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात असतो, त्यात तर नुसत्या संशयावर ट्रेटिनॉइन हे औषध सुरू करावे लागते, पॅनेलची वाट पाहण्याचा प्रश्नच नसतो. एफएलटी३मधील लांब पुनरावृत्ती आणि सीईबीपीए या जनुकाचा काही भाग वाचणे या तंत्राला अवघड जाते, हेही तेथे नोंदवलेले आहे. शिवाय हे पॅनेल मायलॉइड, म्हणजे रक्तपेशींच्या एका विशिष्ट कुळातल्या आजारांसाठी रचलेले असताना माहितीपत्रकात ते ‘सर्व ब्लड कॅन्सरसाठी’ म्हणून सुचवले आहे, ते मला पटले नाही. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात टीपी५३ आणि १७व्या गुणसूत्राचा तुटलेला भाग, वाल्डेनस्ट्रॉम आजारात एमवायडी८८, हेअरी सेल ल्युकेमियात बीआरएएफ, तर मायलोमात वेगळ्या काढलेल्या प्लाझ्मा पेशींवरची गुणसूत्र-तपासणी, असे प्रत्येकाचे प्रश्न निराळे आहेत, आणि डॉक्टरांनी नेमकी चाचणी लिहून दिल्याशिवाय ‘पॅनेल करून टाकू’ असे कोणी ठरवू नये.

टीईटी२मधल्या त्या अनिश्चित बदलाबद्दल दोन शब्द. असे शेरे येतात, कारण बदलाची तुलना ज्या माहितीसाठ्यांशी केली जाते त्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण फार मोठे आहे. इतर समाजांत सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदल तेथे दुर्मीळ दिसू शकतो. आमच्या डॉक्टरांनी उपचार ठरवताना तो विचारात घेतला नाही, आणि ते योग्यच होते. प्रयोगशाळा वर्षभरानंतर मागणी केल्यास पुनर्विश्लेषण करून देते. ही सोय चांगली आहे, फक्त ती रुग्णाने आठवणीने मागावी लागते.

मी प्रयोगशाळेला लेखी पत्र पाठवले. त्यांनी तीन आठवड्यांनी सुधारित अहवाल दिला, त्यात डीडीएक्स४१च्या पहिल्या बदलापुढे आनुवंशिकतेची शक्यता आणि त्वचेच्या नमुन्यावर पडताळणीची सूचना जोडलेली आहे, आणि यापुढे ठरावीक जनुकांत ३० टक्क्यांहून अधिक प्रमाण दिसल्यास अशी सूचना आपोआप दिली जाईल, असे कळवले आहे. पाच तारकांपैकी मी त्यांना साडेतीन देते. त्यातली एक पूर्णपणे समुपदेशकांची आहे. माहितीपत्रकावरच्या वाक्याबद्दल त्या पत्राच्या उत्तरात काही लिहिलेले नव्हते, आणि गेल्या आठवड्यात दादाच्या तपासणीसाठी गेलो तेव्हा प्रतीक्षाकक्षात तेच माहितीपत्रक ठेवलेले होते.